एक डबा अण्णाचा, एक माझा

“स्पीकर किती आहेत?” मुजावरताईंनी काउंटरपलीकडून विचारलं.

“एक.”

“एक जोडी?”

“नाही. एक.”

ताईंनी हातातली सोल्डरची तार खाली ठेवली आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. “मग स्टिरिओ ॲम्प्लिफायर कशाला पाहिजे हो? एका पायात घालायला कुणी चपलांचा जोड मागतं का?”

“दुसरा स्पीकर आहे. पण तो माझ्याकडे नाही.”

“मग कुणाकडं हाय?”

“आहे एकांकडे,” मी म्हणालो आणि भिंतीवर लटकवलेल्या वायरींची वेटोळी फार लक्षपूर्वक बघायला लागलो.

मिरजेत लक्ष्मी मार्केटच्या मागच्या बोळात त्यांचं दुकान होतं. इलेक्ट्रॉनिक्सचे सुटे भाग, जुने-नवे रेडिओ, दुरुस्तीला आलेले मिक्सर, आणि या सगळ्याच्या मधोमध रुक्साना मुजावर. पत्ता मला माझ्या बायकोने, पद्मजाने, दिला होता. नुसता दिला नव्हता, चार-पाच दिवस माझ्यामागे लागली होती, “जा एकदा. सांगलीत नका शोधत बसू. मिरजेलाच जा.”

तेव्हा मी भिलईचा कारखाना सोडून सांगलीत परत येऊन दोन वर्षं झाली होती. नोकरी कुपवाडच्या फाउंड्रीत, आणि सुट्टीच्या दिवशी घरी खटपटी. व्हिडिओ बघून बघून मी एक दारावरची घंटा केली होती, जी कुणी न दाबता वाजायची. मग एक दिवा केला, जो टाळी वाजवली की लागायचा आणि कुकरची शिट्टी झाली की विझायचा. पद्मजाचं म्हणणं, आता अशी एखादी वस्तू करा जी आपण सांगू तेव्हाच आवाज करेल. मग माझी नजर हॉलच्या कोपऱ्यातल्या सागवानी डब्याकडे गेली.

तो आमच्या वडिलांनी, आप्पांनी केलेला. आप्पा शाळेत सुतारकामाचे शिक्षक होते. एका पाडलेल्या घराचं जुनं सागवानी दार त्यांनी आणलं, त्यातून गुडघाभर उंचीचे दोन डबे बनवले आणि आत स्पीकर बसवले. आमच्या घरात खिडकीच्या दोन बाजूंना ते दोन डबे कायम उभे असायचे. आप्पा गेल्यावर वाटण्या झाल्या. मामा मध्ये बसले होते. मामा इतका न्यायी माणूस की हंडे दोन, तर एकेक. समया दोन, तर एकेक. स्पीकर दोन, तर एकेक. आप्पांचा जुना ॲम्प्लिफायर जळलेला होता म्हणून तो भंगारात गेला, नाहीतर मामांनी तो करवतीने कापला असता. मी आणि माझा थोरला भाऊ भरतेश, म्हणजे अण्णा, दोघांपैकी एकानेही “अहो मामा, हे काय करताय?” असं म्हटलं नाही. कारण आम्ही तेव्हा एकमेकांशी बोलत नव्हतो. आणि पुढे सात वर्षं बोललो नाही.

ताईंनी तोवर काउंटरवर तीन वस्तू मांडल्या होत्या. एक नुसतीच उघडी लाल पट्टी, तिच्यावर चिमुकले भाग चिकटवलेले. दुसरा निळे दिवे लुकलुकणारा मोठा डबा, त्यावर ठळक अक्षरांत ‘पाचशे वॅट’. आणि तिसरी काळ्या पत्र्याची, तळहातावर मावेल एवढी पेटी.

मी अर्थातच पाचशे वॅटला हात घातला.

“ते बाहेर छापलंय,” ताई म्हणाल्या. “आत तेवढे न्हाईत. छापायला काय जातंय?”

“मग ही लाल?”

“स्वस्त हाय, वाजतीय बी झकास. पण उघडी हाय. तुमच्या घरात पाणी सांडणारं कुणी हाय का?”

मला माझ्या स्पीकरवरची मनी प्लांटची कुंडी आठवली. “आहे.”

“मग हा काळा घ्या. दोन बाजू, एक बटण. घरात ऐकायला ह्याच्यापेक्षा जास्त लागत न्हाई. फक्त अडॅप्टर दणकट घ्या. लोक ॲम्प्लिफायर बघून बघून घेतात आणि अडॅप्टर कुठलातरी घरातला लावतात. मग आवाज चढवला की गाणाऱ्याचा गळा दाबल्यासारखं होतं.”

मी काळी पेटी उचलली. वजनाला बरी होती, आवाजाचं बटण लोण्यासारखं फिरत होतं. “हाच द्या.”

“शेवटचा पीस हाय. नशीबवान आहात.”

तेवढ्यात माझ्या पाठीमागून आवाज आला, “ताई, परवा तो काळा डबा बाजूला ठेवायला सांगितला होता, तो न्यायला आलोय.”

मला मागे वळून बघायची गरज नव्हती. मिरजेत राहणाऱ्या माणसाला मिरजेतलं दुकान वर्ज्य नसतं, हे माझ्या आधी लक्षात यायला हवं होतं.

ताईंनी कपाळावर हात मारला. “अयाई गं! विसरलेच की मी. हे बघा, ह्यांनी बी तोच मागितलाय. तुमच्याकडं बी एकच स्पीकर हाय न्हवं? काय हो, मिरज-सांगलीत सगळ्यांकडं एकेकच कसा स्पीकर हाय?”

अण्णा पुढे येऊन माझ्या शेजारी उभा राहिला. केस बरेच पांढरे झाले होते. त्याने माझ्याकडे बघितलं नाही.

“ताई, त्यांना सांगा, मी परवाच सांगून ठेवलंय.”

“ताई, त्यांना सांगा,” मी म्हणालो, “वस्तू आत्ता माझ्या हातात आहे.”

“अवो, दोघंबी इथंच उभं आहात की,” ताई म्हणाल्या. मग त्यांनी आधी अण्णाचं नाक बघितलं, नंतर माझं. आमच्या घराण्याचं नाक लपत नाही. “भाऊ काय?”

“हो,” आम्ही दोघे एकदम म्हणालो, आणि एकदम म्हटल्याचा दोघांनाही राग आला.

ताईंनी माझ्या हातातून पेटी काढून घेतली. “मी कुणालाच देत न्हाई. हे यंत्र दोन स्पीकर मागतंय. उद्या रविवार. दोघंबी आपापला स्पीकर घेऊन या, इथं लावून बघू. ज्याचा चांगला वाजंल, त्याला देईन.”

मी लगेच होकार दिला. अण्णानेही दिला. दोघांचीही खात्री होती की आपलाच डबा चांगला राहिला आहे.

घरी येऊन पद्मजाला हे सांगितलं तेव्हा ती कणीक मळत होती. मला वाटलं होतं ती म्हणेल, कशाला जाता? ती म्हणाली, “न्या की. बिचारे भेटतील तरी एकदा.”

“कोण?”

“स्पीकर,” ती म्हणाली आणि पुन्हा कणकेत डोकं घातलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कुंडी खाली उतरवली. डब्यावर कुंडीच्या बुडाचा पांढरट गोल उमटलेला होता. तो मी आधी पाण्याने, मग तेलाने, शेवटी टूथपेस्टने घासला. गोल आणखी ठळक झाला. डबा चादरीत गुंडाळून रिक्षात ठेवला आणि मिरजेला गेलो.

अण्णा आधीच येऊन बसला होता. त्याचा डबा तेलपाणी केल्यासारखा चकाकत होता. मी चादर काढताच त्याची नजर त्या पांढऱ्या गोलावर गेली.

“ताई, त्यांना विचारा, आप्पांच्या डब्यावर कुंड्या ठेवतात का?”

मीही त्याचा डबा नीट बघून घेतला. समोरची जाळी गेलेली होती. तिच्या जागी मोरपंखी फुलांचं कापड ताणून बसवलं होतं. “ताई, त्यांना विचारा, हे आप्पांनी बसवलेलं कापड आहे की वहिनींच्या पडद्यातलं उरलेलं?”

ताईंनी दोघांनाही काही विचारलं नाही. आधी माझा डबा जोडला आणि मोबाइलवरचं एक ढोलकी-संवादिनीचं वादन लावलं. इतक्या वर्षांनी त्या डब्यातून आवाज आला आणि मी दाराकडे बघायला लागलो, कारण डोळ्यांत काहीतरी व्हायला लागलं होतं. मग अण्णाचा जोडला. तोही तसाच. अगदी तसाच. अण्णा छताच्या पंख्याकडे बघत होता.

“दोन्ही सारखेच,” ताई म्हणाल्या. “आता एकत्र लावते.”

दोन्ही लावले, आणि आवाज मेला. म्हणजे येत होता, पण पोकळ. ढोलकीचा घुमारा कुठेच नव्हता. नुसती टकटक, आणि संवादिनी जणू शेजारच्या गल्लीत. दोन डब्यांनी मिळून एका डब्याइतकंही वाजवलं नाही.

“यंत्र खराब आहे,” मी म्हणालो.

“यंत्राला काय धाड भरलीय?” ताई म्हणाल्या. “तुमच्यापैकी एकाच्या वायरी उलट्या आहेत. एक स्पीकर हवा पुढं ढकलतोय तेव्हा दुसरा मागं ओढतोय. दोघं मिळून आवाज खाऊन टाकताहेत. कधी उघडले होते का डबे?”

अण्णाने जाळी बदलताना उघडला होता. मी भिलईला असताना एक तुटलेली वायर जोडायला उघडला होता. पण हे दोघांनीही सांगितलं नाही.

“त्यांची उलटी असणार,” अण्णा म्हणाला.

“त्यांची,” मी म्हणालो.

“कुणाची का असंना!” ताईंनी ॲम्प्लिफायर बंद केला. “डब्याच्या मागं लाल आणि काळी, दोन टोकं आहेत. एकानं अदलाबदल केली की झालं. कुणीबी करा.”

कुणीही हललं नाही.

“मी का करू?” अण्णा म्हणाला. “ताई, त्यांना सांगा, मी दर दिवाळीला डब्याला तेल लावतो. जवळ राहून जपावं लागतं. लांबून जपता येत नाही.”

ते डब्याबद्दल नव्हतं. ते मला बरोबर लागलं.

“त्यांना सांगा,” मी म्हणालो, “लांबच्या माणसाला कुणी वेळेत फोन केला असता, तर तो आला असता जवळ. सगळं आटोपल्यावर नव्हे. आधी.”

ताईंनी हातातला मोबाइल खाली ठेवला. मग हळूच म्हणाल्या, “हे मी न्हाई सांगणार. हे वायरीचं न्हाई. हे तुमचं तुम्ही बोला. मी चहा सांगून येते.” आणि त्या दुकान आमच्यावर सोपवून बाहेर पडल्या.

आप्पांच्या आजारपणाची मला खबर नव्हती. अण्णाचा फोन आला तो आप्पा गेल्यावरचा. मी भिलईहून पोचलो तेव्हा घर पाहुण्यांनी भरलेलं होतं, आणि त्या सगळ्यांसमोर मी अण्णाला म्हणालो होतो, “आप्पा काय तुला एकट्यालाच होते?” अण्णाने तेव्हा उत्तर दिलं नाही. माझ्याशी बोलणंही थांबवलं. मी त्याचा अर्थ मला हवा तसा लावला.

आता दुकानात आम्ही दोघेच होतो. पंखा फिरत होता. अण्णा पाठमोरा होऊन भिंतीवरचे अडॅप्टर बघत होता. त्याची मान बारीक झाली होती. मला एकाएकी वाटलं, मरू दे. एक वायर तर फिरवायची. पण त्याच्या देखत नाही. मी खिशातला रुमाल मुद्दाम खाली टाकला, तो उचलायला म्हणून डब्यामागे वाकलो आणि पटकन लाल-काळी टोकं बदलली. वर आलो तेव्हा अण्णाही आपल्या डब्यामागून वर येत होता.

“धूळ फार आहे इथे,” तो भिंतीला म्हणाला.

ताई आल्या, मागोमाग चहाचे तीन ग्लास आले. “झालं का ठरून?”

“लावा तर खरं,” मी म्हणालो.

“हो, लावून बघा,” अण्णा म्हणाला.

ताईंनी बटण फिरवलं. पुन्हा तीच टकटक. तीच पोकळ संवादिनी.

“असं कसं?” मी म्हणालो. “मी तर बदलली वायर!”

“मीसुद्धा बदलली!” अण्णा म्हणाला.

आम्ही एकमेकांकडे बघितलं. सात वर्षांत पहिल्यांदा, सरळ.

“तू पण?” तो म्हणाला.

“तू पण?”

“अरे गाढवा, मग परत तेच होणार ना!”

“मला काय माहीत तू धूळ पुसता पुसता वायर फिरवतोयस?”

“आणि तू रुमाल उचलायला वाकलास तेव्हाच मला कळायला पाहिजे होतं. तू जन्मात कधी खाली पडलेलं काही उचललंयस?”

ताई आधी हसायला लागल्या. मग अण्णा. त्याचं हसणं आप्पांसारखंच, आवाज न करता, नुसते खांदे हलवत. मलाही आवरेना. चहावाला पोऱ्या ग्लास ठेवून आमच्याकडे बघत निघून गेला.

हसू ओसरलं तेव्हा मी विचारलं, “अण्णा, मला का नाही कळवलंस?”

तो चहाचा ग्लास हातात घेऊन स्टुलावर बसला. “हे तू आज पहिल्यांदा विचारतोयस.”

“तेव्हाही विचारलं होतं.”

“ते विचारणं नव्हतं. तो निकाल होता.” त्याने एक घोट घेतला. “आप्पांनी सांगितलं होतं, सुकुमारला कळवायचं नाही. पद्मजा दवाखान्यात, पोरगी आठव्या महिन्यात झालेली, काचेच्या पेटीत. आप्पा म्हणाले, कळलं तर तो निघेल. आणि तो निघाला तर तिकडे त्या दोघींना कोण आहे? माझ्याकडून वचन घेतलं त्यांनी. मी रोज फोन हातात घ्यायचो आणि खाली ठेवायचो.”

संयुक्ता त्या पेटीत बावीस दिवस होती. ते दिवस मला अजून आठवतात, आणि मी तिथून हललो असतो तर काय झालं असतं, याचा विचार मला आजही करवत नाही.

“मग मी आलो तेव्हा सांगायचंस!”

“सांगणार होतो. तू आधी तोंड उघडलंस, मग माझं बंद झालं. म्हटलं उद्या सांगू. मग म्हटलं हा शांत झाल्यावर सांगू. मग मामा आले हंडे मोजायला.” त्याने ग्लास काउंटरवर ठेवला. “माझंही चुकलंच की रे.”

मी पुढे होऊन त्याच्या पायाशी वाकलो, तर तो म्हणाला, “पाया नंतर पड. वाकलायस तर आधी वायर बदल. एकट्यानेच बदल, मी हात लावत नाही.”

त्याने खरंच दोन्ही हात वर केले. मी माझ्या डब्याची टोकं बदलली. ताईंनी बटण फिरवलं.

ढोलकी अशी घुमली की काउंटरवरचे स्क्रू थरथरले. आणि आवाज डब्यांतून येतोय असं वाटेचना. तो दोन्हींच्या बरोबर मधून, ताई उभ्या होत्या तिथून येत होता. ताईंनी दचकून मागे वळून बघितलं.

वादन संपेपर्यंत अण्णा मांडीवर बोटांनी ताल धरून होता.

“आता कुणाला देऊ?” शेवटी ताईंनी विचारलं.

“त्याला द्या,” अण्णा म्हणाला.

“छे, तो थोरला आहे. त्याने आधी सांगून ठेवला होता.”

“त्याच्या हातात होता आधी.”

“या अल्ला,” ताई म्हणाल्या, “काल घेण्यावरनं भांडत होता, आज देण्यावरनं. माझं दुकान बंद करायची वेळ झाली.” त्यांनी पेटी आणि एक दणकट अडॅप्टर पिशवीत घातला आणि पिशवी दोघांच्या मध्ये धरली. अण्णाचा हात लांब, पिशवी त्याच्याकडे गेली. मला पाकीट काढूच दिलं नाही.

“मला संयुक्ताला बघायचंय,” बाहेर आल्यावर तो म्हणाला. “आत्ताच.”

एका रिक्षात दोन सागवानी डबे आणि दोन भाऊ मावत नाहीत. तरी आम्ही मावलो. सांगलीपर्यंत अण्णाचा डबा माझ्या मांडीवर आणि माझा त्याच्या मांडीवर होता. तो वाटभर त्या पांढऱ्या गोलावर बोट फिरवत मला शिव्या देत होता.

दार संयुक्ताने उघडलं. अण्णाने डबा खाली ठेवला, घसा साफ केला आणि परक्या घरात बोलावं तसं म्हणाला, “मी... म्हणजे बाळ, हा जो दुसरा डबा आहे ना, त्याचा मी...”

संयुक्ता आत तोंड करून ओरडली, “मोठी आई! अण्णा पोचले गं!”

आणि स्वयंपाकघरातून, हाताला पीठ लागलेलं, सुनंदावहिनी बाहेर आल्या. माझ्या घरातून. त्यांच्यामागे पद्मजा, हुग्गीच्या, म्हणजे गव्हाच्या खिरीच्या, पातेल्यात फिरवायचा डाव हातात घेऊन.

“तू इथे कशी?” अण्णाने बायकोला विचारलं.

“मी महिन्यातून दोनदा येते,” वहिनी शांतपणे म्हणाल्या. “तुम्ही विचारत नाही, मी सांगत नाही. तुमच्या घराण्याचीच रीत.”

“आणि ते दुकान?” मी पद्मजाला विचारलं. “मिरजेलाच जा, मिरजेलाच जा...”

“रुक्सानाचं? ती वहिनींच्या वर्गातली,” पद्मजा म्हणाली. “हात धुवा आधी. हुग्गी गार होतेय.”

“म्हणजे तो शेवटचा पीस...” मी म्हणालो. दोघी जावांनी एकमेकींकडे बघितलं आणि आत गेल्या. त्याचं उत्तर मला आजतागायत मिळालेलं नाही.

दुपारभर आम्ही ऐकत बसलो. डबे खिडकीच्या दोन बाजूंना ठेवले. अण्णाने ते चार वेळा सरकवले, मी पाचव्यांदा. संयुक्ता मधोमध बसून कुठलं वाद्य कुठून येतंय ते बोटाने दाखवत होती, आणि अण्णा डबे सोडून तिच्याकडेच बघत होता. वहिनींनी पडद्याच्या कापडाबद्दल एक अक्षर ऐकून घ्यायला नकार दिला.

संध्याकाळी ते निघाले. अण्णाने ॲम्प्लिफायरच्या वायरी सोडवल्या, पेटी अडॅप्टरसकट पिशवीत घातली आणि पिशवी खांद्याला लावली.

“डबा घेऊन येतो खाली,” मी त्याचा स्पीकर उचलायला गेलो.

“राहू दे तो. दोन्ही इथेच राहू देत.”

“अरे, मग यंत्र कुठे घेऊन चाललास? याच्याशिवाय हे वाजणार कसे?”

“नाहीच वाजणार,” अण्णा चपला घालत म्हणाला. “ऐकावंसं वाटलं की फोन करायचा. मी घेऊन येईन.”

“रोज वाटलं तर?”

“तर रोज करायचा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी, फाउंड्रीला सुट्टी टाकून, दात घासायच्याही आधी मी त्याच्या घरी फोन लावला. वहिनींनी उचलला.

“अण्णाला द्या,” मी म्हणालो. “म्हणावं, ऐकायचंय.”

“ते कुठले घरात?” वहिनी म्हणाल्या. “पिशवी घेऊन मघाशीच निघालेत. पोचतील एवढ्यात. चहा टाकायला सांगा.”